डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि त्याच्या पहिल्या इंजिनाला थंड करायला पाणीच नव्हतं

पेट्रोल पंपावर दोन नावं हमखास दिसतात. पेट्रोल आणि डिझेल. यातलं पेट्रोल हे तेलाचंच नाव. डिझेल मात्र तेलाचं नाव नव्हतं, ते एका माणसाचं आडनाव होतं. रुडॉल्फ डिझेल. आधी लोकांनी ते आडनाव त्याच्या इंजिनाला दिलं आणि मग इंजिनात पडणाऱ्या तेलालाही तेच चिकटलं.

आज एसटी, ट्रक, ट्रॅक्टर, शेतातला पंप, गणपतीत मांडवामागे धडधडणारा जनरेटर आणि न्हावा-शेवाला लागणारी कंटेनरची अवाढव्य जहाजं या सगळ्यांच्या पोटात या माणसाचं इंजिन आहे. त्यातल्या बहुतेक इंजिनांमध्ये अजून एक गोष्ट सारखी आहे. त्यांच्या अंगातून सतत पाणी फिरत असतं. ते पाणी थांबलं की थोड्याच वेळात काटा लाल पट्ट्यात जातो, आणि तरीही कोणी इंजिन बंद केलं नाही तर हजारो, कधी लाखो रुपयांचं काम निघतं.

गंमत अशी की ज्या माणसाने हे इंजिन शोधलं, त्याच्या मूळ हिशेबात हे पाणी नव्हतंच. त्याचं पहिलं इंजिन पाण्याशिवाय बांधलं गेलं होतं. आणि हा माणूस पोटापाण्यासाठी काय करत होता? बर्फाची मशिनं बनवत होता!

पॅरिसचा मुलगा, युद्धाने हुसकलेला

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. वडील थिओडोर मूळचे आउग्सबुर्गचे, पुस्तकबांधणी आणि कातडी वस्तू बनवण्याचं काम करायचे. घरची परिस्थिती बेताचीच होती.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना देश सोडावा लागला. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे हाल सुरू झाले, तेव्हा आईने १२ वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवून दिलं. तिथले काका क्रिस्टोफ बार्निकेल हे गणिताचे मास्तर होते. पोरगं हुशार निघालं. १४ व्या वर्षीच त्याने आईवडिलांना पत्र लिहून कळवलं की आपल्याला इंजिनियर व्हायचंय.

वडिलांना त्याने लवकर कमावतं व्हावं असं वाटत होतं. पण १८७५ मध्ये रुडॉल्फला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. तिथे त्याला असे सर भेटले की त्याचं पुढचं आयुष्यच ठरून गेलं.

वहीच्या कडेला लिहिलेली एक ओळ

त्या सरांचं नाव कार्ल फॉन लिंडे. यंत्राने थंडावा निर्माण करण्याच्या शास्त्रातलं हे फार मोठं नाव. आजचं शीतगृह, बर्फाचा कारखाना, घरातला फ्रिज यांच्यामागे ज्या मोजक्या लोकांचं काम आहे, त्यात लिंडे येतात.

लिंडे सर वर्गात उष्णतेचं शास्त्र शिकवायचे. एकदा त्यांनी सांगितलं की वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम ६ ते १० टक्के उष्णता कामाला लावतं. बाकीची सगळी वाया जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ सादी कार्नो याने त्याच्या कितीतरी आधी दाखवून दिलं होतं की आदर्श इंजिनात उष्णता एका स्थिर तापमानाला आत घेतली पाहिजे, तरच तिचं जास्तीत जास्त काम होतं.

रुडॉल्फने वहीच्या कडेला टिपून ठेवलं की हे प्रत्यक्षात जमवता येईल का, ते तपासायचं. साल होतं १८७८, वय वीस. त्याच्या डोक्यातला किडा होता तो तापमानाचा. सिलिंडरमध्ये इंधन जळत असतानाही तापमान वाढू द्यायचं नाही आणि उष्णतेचा एक कणही वाया जाऊ द्यायचा नाही.

१८७९ मध्ये त्याला विषमज्वर झाला, परीक्षा हुकली. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडच्या विंटरथुर गावी सुल्झर बंधूंच्या कारखान्यात हाताने काम केलं आणि जानेवारी १८८० मध्ये उत्तम गुणांनी परीक्षा पास झाला. मग लिंडे सरांनीच त्याला पॅरिसला बर्फाच्या कारखान्याच्या कामावर घेतलं.

पुढची बरीच वर्षं हेच काम. १८८१ मध्ये त्याने बाटलीतच स्वच्छ बर्फ तयार करण्याचं पेटंट घेतलं. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी लग्न झालं. पुढे तीन मुलं झाली. १८९० मध्ये कुटुंब बर्लिनला गेलं. दिवसा बर्फाची मशिनं आणि उरलेल्या वेळात इंजिनाचे आराखडे, असा त्याचा संसार चालला होता.

ठिणगीशिवाय आग

डिझेलची कल्पना समजायला सायकलचा पंप पुरे. चाकात जोरात हवा भरताना पंप खालच्या बाजूने गरम लागतो. हवा दाबली की तापते. आता तीच हवा कितीतरी जास्त जोराने दाबली तर ती इतकी तापेल की त्यात नुसतं इंधन सोडलं तरी ते पेट घेईल. ठिणगी नको, ज्योत नको.

पण डिझेलची खरी महत्त्वाकांक्षा याच्या पुढची होती. त्याचा हिशेब असा होता की हवा दाबूनच तिला सर्वोच्च तापमानापर्यंत न्यायचं. मग इंधन इतकं हळूहळू सोडायचं की जळून निघालेली उष्णता त्याच क्षणी पिस्टन ढकलण्यात खर्च होईल. तापमान चढणारच नाही. तापमान चढलं नाही तर सिलिंडर थंड करायची गरज काय? त्या काळच्या गॅस इंजिनांना पाण्याने थंड करावं लागायचं आणि त्या पाण्यावाटे बरीच उष्णता निघून जायची. डिझेलच्या दृष्टीने ती उघड उघड गळती होती.

फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, २३ फेब्रुवारी १८९३ ला पेटंट मिळालं. त्याच वर्षी त्याने आपल्या सिद्धांतावर पुस्तक काढलं. कागदावर हवेचा दाब होता २५० वातावरणांपर्यंत. तेव्हाच्या कारखान्यांत असं यंत्र बनणंच कठीण होतं. तरी आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिख फॉन बुझ यांनी कमी दाबावर प्रयोग करायला होकार दिला. क्रुप कंपनीनेही पैसा लावला.

१० ऑगस्ट १८९३

पहिलं इंजिन उभं राहिलं. एकच सिलिंडर, १५० मिलिमीटर व्यासाचा, पिस्टनची धाव ४०० मिलिमीटर. सिलिंडरभोवती पाण्याचं वेष्टण नाही. पुस्तकात जसं होतं तसंच.

१० ऑगस्ट १८९३ ला बाहेरच्या पट्ट्याने फिरवून त्यात पहिल्यांदा इंधन सोडलं. त्या दिवशी वापरलं होतं पेट्रोल. धडाका असा झाला की दाब मोजायचं उपकरणच फुटलं. जवळ उभी असलेली माणसं थोडक्यात बचावली. इंजिन स्वतःच्या ताकदीवर एक फेराही फिरलं नाही, पण एक गोष्ट सिद्ध झाली. ठिणगीशिवाय इंधन पेटतं.

दुसरी गोष्ट मात्र त्याला कडू घोटासारखी गिळावी लागली. तापमान स्थिर ठेवायचं तर इंधन अगदी थोडं सोडावं लागतं, आणि इतक्या थोड्या इंधनातून मिळणारी ताकद यंत्राच्या स्वतःच्या घर्षणातच संपून जाते. कागदावर सगळ्यात काटकसरी असलेलं इंजिन प्रत्यक्षात स्वतःलाच ओढू शकलं नसतं. काम हवं असेल तर जास्त इंधन जाळायला हवं होतं, म्हणजेच तापमान चढू द्यायला हवं होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिझेलने दुसऱ्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात स्थिर तापमानाचा हट्ट सुटला होता. ज्या ओळीपासून सगळं सुरू झालं, ती ओळ त्याने स्वतःच्या हाताने मागे घेतली. पण जगापुढे त्याचं पुस्तक होतंच, आणि त्यातला मूळ सिद्धांत फसला हे त्याने कधी मोकळेपणाने जाहीर केलं नाही. हे पुढे त्याला फार महागात पडलं.

मग पाणी आलं

१७ फेब्रुवारी १८९४ ला सुधारलेलं इंजिन पहिल्यांदा आपलं आपण चाललं. किती वेळ? साधारण एक मिनिट. पुढची तीन वर्षं दुरुस्त्या, गळत्या आणि पुन्हा दुरुस्त्या यांत गेली. या फेरबांधणीत सिलिंडरभोवती पाण्याचं वेष्टण आलं.

बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला, म्युनिकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी नव्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. व्यास २५० मिलिमीटर, पाण्याने थंड केलेला सिलिंडर. मिनिटाला १५४ फेरे, १७.८ अश्वशक्ती. इंधनातली २६.२ टक्के उष्णता कामाला लागली होती. वाफेच्या चांगल्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त!

म्हणजे पाण्याला उष्णता देऊनही डिझेलने सगळ्यांना मागे टाकलं.

पण पाणी लागतंच का? कारण सिलिंडरमधल्या जळत्या वायूचं तापमान क्षणभर दीड-दोन हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातं. ओतीव लोखंड साधारण १२०० अंशांना वितळतं. सिलिंडर टिकतो तो एवढ्यासाठीच की ती आग क्षणभराची असते आणि भिंतीपलीकडचं पाणी उष्णता सतत ओढून नेत असतं. पाणी नसेल तर आधी वंगणाचा पातळ थर जळतो, मग पिस्टन फुगून सिलिंडरला घासतो आणि शेवटी अडकून बसतो. गॅरेजवाले ज्याला इंजिन सीझ झालं म्हणतात, ते हेच. त्याआधी हेड वाकतं, गॅस्केट जातं, धातूला तडे पडतात.

जास्त थंडही चालत नाही

इथे बरेच लोक फसतात. पाणी चांगलं म्हणून जितकं थंड तितकं उत्तम, असं नसतं.

इंजिन फार थंड राहिलं तर इंधन नीट जळत नाही, काळा किंवा पांढरा धूर येतो, तेल घट्ट राहतं आणि डिझेल जास्त लागतं. त्याहून वाईट म्हणजे इंधनातल्या गंधकापासून बनलेले वायू थंड भिंतीवर ओलाव्यात मिसळतात, त्यांचं आम्ल होतं आणि ते सिलिंडरची भिंत आतून खातं. बाहेरून काहीच दिसत नाही. काही महिन्यांनी तेल पिणारं, ताकद गेलेलं इंजिन हातात येतं.

म्हणून पाणी एका ठराविक तापमानाला राखावं लागतं. बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनांत सिलिंडरमधून बाहेर पडणारं पाणी ८० ते ९० अंशांच्या आसपास ठेवतात. हे काम करतो थर्मोस्टॅट. गाड्यांमधल्या थर्मोस्टॅटमध्ये मेणासारख्या पदार्थाची एक छोटी डबी असते. पाणी ठराविक तापमानाला पोचलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडते. मग पाणी रेडिएटरकडे जातं. पाणी गार असेल तर झडप बंद राहते आणि तेच पाणी पुन्हा इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर तापतं. वीज नाही, कॉम्प्युटर नाही. नुसतं मेण.

आपल्याकडे गाडी तापते म्हणून काही गॅरेजमध्ये हा थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला मिळतो. त्याने काटा खाली येतो आणि मालक खूश होतो. पण गाडी तापण्याचं खरं कारण कुठेतरी वेगळंच असतं. तुंबलेला रेडिएटर, सैल पट्टा, कमी झालेलं कूलंट. ते तसंच राहतं आणि त्यात इंजिन कायम अर्धवट गार चालायला लागतं.

शेतावरही हेच. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि डिझेल इंजिन महाराष्ट्राच्या विहिरींवर पोचलं. बऱ्याच ठिकाणी पंपाने उपसलेल्या पाण्यातलंच थोडं पाणी नळीने सिलिंडरभोवती फिरवून सोडून देतात. सोय चांगली, पण विहिरीचं गार पाणी भसाभस सोडलं तर इंजिन थंडच राहतं आणि डिझेल फुकट जातं. नळीतून येणारं पाणी हाताला नुसतं कोमट लागत असेल तर प्रवाह जास्त आहे असं समजायचं. तो थोडा कमी करायचा.

लक्षाधीश झाला, पण झोप उडाली

पुन्हा १८९७ कडे जाऊ. चाचणीनंतर डिझेल एका रात्रीत प्रसिद्ध झाला. जूनमध्ये कासेलला जर्मन इंजिनियरांच्या सभेत त्याने व्याख्यान दिलं. अमेरिकेचा बिअरसम्राट अडॉल्फस बुश याने अमेरिकेतले हक्क १० लाख मार्कांना घेतले. १८९८ मध्ये पेटंटचे हक्क सांभाळायला स्वतंत्र कंपनी निघाली आणि डिझेलला ३५ लाख मार्क मिळाले, त्यातला मोठा भाग शेअरच्या रूपात होता.

पण इंजिन अजून कच्चं होतं. केम्प्टन गावच्या काडेपेटीच्या कारखान्यात बसवलेल्या पहिल्यावहिल्या इंजिनांपैकी एकाने सतत त्रास दिला. प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या हाताखाली चालणारं यंत्र कारखान्यात, साध्या कामगाराच्या हाती, महिनोन्महिने चालवणं वेगळं. तक्रारी येऊ लागल्या. पेटंटवरून खटले झाले. मूळ सिद्धांत आणि प्रत्यक्षातलं इंजिन यांत फरक आहे, मग पेटंट कशाचं, असा विरोधकांचा मुद्दा होता.

१८९८ च्या शेवटी डिझेलची प्रकृती ढासळली. मज्जातंतूंच्या थकव्यासाठी त्याला सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. तब्येत जरा सुधारल्यावर त्याने म्युनिकमध्ये राजवाड्यासारखं घर बांधलं, जमिनीच्या व्यवहारांत पैसा घातला. यातले बरेच व्यवहार बुडाले.

इंजिन मात्र कारखान्यांतल्या इंजिनियरांनी चिकाटीने सुधारलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तिथे एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावरही चालवून दाखवलं गेलं.

समुद्रात उतरलेलं इंजिन

१९०३ मध्ये रशियात व्होल्गा नदीवर वांडाल हे तेलवाहू जहाज डिझेल इंजिनावर चालू लागलं. १९१२ मध्ये डेन्मार्कचं सेलांडिया कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघालं. महासागर ओलांडणाऱ्या पहिल्या मोठ्या डिझेल जहाजांपैकी हे एक. त्याला धुराडंच नव्हतं! धूर मास्टमधून बाहेर काढला होता. लंडनला ते लागलं तेव्हा ब्रिटिश आरमाराचे मंत्री विन्स्टन चर्चिल स्वतः बघायला आले होते.

आता वाटेल की जहाजाला पाण्याची काय कमी? चारी बाजूंनी समुद्रच आहे. सुरुवातीच्या काळात कितीतरी इंजिनांत समुद्राचं पाणी थेट फिरवलं जायचं. पण खारं पाणी ५० अंशांच्या आसपास गेलं की त्यातले क्षार भिंतीवर बसायला लागतात. चहाच्या भांड्याला किंवा गिझरच्या कॉइलला पांढरा थर बसतो तसा. तो थर उष्णता अडवतो, मग पाणी वाहत असूनही आतलं लोखंड भाजतं. शिवाय गंज वेगळाच. म्हणून पाणी गारच ठेवायचं, तर इंजिन नको इतकं थंड. दोन्हीकडून कोंडी.

यावर तोडगा निघाला गोड्या पाण्याच्या बंद फेऱ्याचा. इंजिनाच्या अंगातून फक्त शुद्ध केलेलं गोडं पाणी फिरतं. त्यात गंज रोखणारं रसायन मिसळलेलं असतं. हे गरम झालेलं पाणी कूलरमध्ये जातं. तिथे पत्र्याच्या एका बाजूने गोडं पाणी आणि दुसऱ्या बाजूने थंड पाणी वाहतं. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, फक्त उष्णता पलीकडे जाते आणि शेवटी समुद्राला मिळते. वर एक छोटी टाकी असते. गरम होऊन फुगलेलं पाणी तिच्यात चढतं, आणि कुठे गळती असेल तर तिची पातळी उतरलेली आधी दिसते.

मधे असते तीन तोंडांची झडप. किती पाणी कूलरमधून न्यायचं आणि किती त्याला वळसा घालून तसंच गरम परत पाठवायचं, हे ती ठरवते. जानेवारीत न्हावा-शेवाहून निघालेलं जहाज घ्या. इथे समुद्राचं पाणी २५ अंशांच्या आसपास, रॉटरडॅमला पोचेपर्यंत १० च्याही खाली. इंजिनातलं गोडं पाणी मात्र पूर्ण प्रवासभर तेच, ८० च्या पुढे. बंदरात इंजिन बंद असतानाही हे पाणी गरम ठेवतात, कारण थंडगार लोखंडात एकदम आग पेटवली तर तडे जातात. तापमान मर्यादेबाहेर गेलं की आधी घंटा वाजते, आणि तरी चढतच राहिलं तर इंजिनाचा वेग आपोआप खाली आणला जातो.

२९ सप्टेंबर १९१३

सेलांडिया जग फिरत असताना तिच्या इंजिनाला नाव देणारा माणूस कर्जात बुडाला होता. १९१२ मध्ये तो अमेरिकेत व्याख्यानं देऊन आला. त्याच वर्षी त्याने इंजिनाच्या जन्माची हकीकत जर्मनीत मांडली, तर जुना वाद पुन्हा उकरला गेला. हे इंजिन डिझेलचं नाहीच, कारखान्यातल्या लोकांनी ते घडवलं, असं विरोधक म्हणू लागले.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर चढला. इंग्लंडमध्ये कंपनीची बैठक होती. ही बोट वाफेवर चालणारी. दोन सोबत्यांबरोबर जेवण झालं, रात्री दहाच्या सुमारास तो केबिनमध्ये गेला आणि सकाळी सव्वासहाला उठवायला सांगितलं.

सकाळी केबिन रिकामी होती. बिछाना वापरलेला नव्हता, रात्रीचे कपडे मांडून ठेवलेले, घड्याळ बिछान्यातून दिसेल असं ठेवलेलं. डेकवर कठड्याशी त्याची टोपी आणि घडी घातलेला कोट सापडला. डायरीत त्या तारखेला एक फुली होती.

१० ऑक्टोबरला एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. तो इतका खराब झाला होता की खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेऊन तो परत पाण्यात सोडला. गोळ्यांची डबी, चष्म्याचं घर, खिशातला चाकू. १३ ऑक्टोबरला मुलगा ऑयगेनने त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचं ओळखलं. असंही सांगितलं जातं की निघण्यापूर्वी डिझेलने पत्नीला एक बॅग दिली होती आणि आठवडाभर ती उघडायची नाही असं बजावलं होतं. तिच्यात २० हजार मार्क रोख आणि बँकेची खाती जवळपास रिकामी झाल्याचे कागद होते.

तेल कंपन्यांनी मारलं, हेरांनी मारलं, अशा कथा तेव्हापासून सांगितल्या जातात. पुरावा कशाचाच नाही. बहुतेक चरित्रकार आत्महत्येकडे झुकतात. वय होतं ५५.

आणि त्या पाण्याचं पुढे काय झालं?

डिझेलला उष्णतेचा कण वाया जाऊ द्यायचा नव्हता. म्हणूनच त्याने पहिल्या इंजिनाला पाणी दिलं नव्हतं. आज मोठ्या जहाजांची मंद गतीची डिझेल इंजिनं इंधनातली जवळपास निम्मी उष्णता कामाला लावतात. त्याच्या २६.२ टक्क्यांच्या जवळपास दुप्पट. उरलेल्यातली काही आजही गोड्या पाण्यातूनच बाहेर पडते.

पण तीही सगळी समुद्रात जात नाही. बऱ्याच जहाजांवर इंजिनातून आलेलं ८० अंशांचं पाणी आधी एका बंद पेटीतून नेतात. त्या पेटीतली हवा काढून टाकलेली असते. हवेचा दाब कमी असला की पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे समुद्राचं खारं पाणी तिथे ४०-५० अंशांनाच उकळतं. त्याची वाफ थंड केली की गोडं पाणी मिळतं. खलाशांच्या अंघोळीला, धुण्याला तेच पाणी लागतं. क्षार मिसळून, शुद्ध करून ते पिण्यासाठीही घेतात.

ज्या पाण्याला डिझेलने चोर समजून दाराबाहेर ठेवलं होतं, त्याच्याच उष्णतेवर आज भर समुद्रात पिण्याचं पाणी तयार होतं. पुढच्या वेळी घाट चढताना गाडीतला तापमानाचा काटा मधोमध स्थिर दिसला, तर म्युनिकच्या वर्गातली ती वही जरूर आठवा. तापमान स्थिर ठेवायचं, असं तिच्या कडेला लिहिलं होतं. सिलिंडरच्या आत ते कोणालाच जमलं नाही. सिलिंडरच्या बाहेर, पाण्यात, मात्र ते रोज जमतंय.